सहकार्याबद्दल आभार

"हातापासून सांगा," सर म्हणाले. "फोन काय, फोनसारखाच असणार."

मी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ सरकले. "बाईचा डावा हात आहे. अंगठ्याजवळ भाजल्याची काळपट खूण. तव्याची असावी."

"तव्याची की कुकरची, हे तुमचं मत झालं, बेंद्रेबाई. वर्णनात मत नको."

"बरं, नुसती काळपट खूण. मनगटावर तांब्याचं कडं. हातात काळा फोन, कडा गोल. मागे टेबलावर पिवळ्या झाकणाचा डबा. आणि फोनच्या पडद्यावर लिहिलंय..." इथे मी थांबले, कारण ते मी तेव्हाच नीट वाचलं. "लिहिलंय, 'वाचनाची भाषा: मराठी'."

इतका वेळ खटखट टाइप करणारी सरांची बोटं थांबली.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं.

सर म्हणजे दिगंबर हिर्लेकर. मोबाईल आणि कॉम्प्युटरबद्दल मराठीतून सांगणारी 'यंत्रकट्टा' नावाची वेबसाइट आम्ही चालवायचो, तिचे ते संपादक आणि मालक. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. आमचं ऑफिस चिंचवडला, एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. "खाली चष्मे मिळतात, वर मी बसतो. कुठं थांबायचं ते जिन्यात ठरवा," असं ते नव्या माणसाला सांगायचे. मी त्यांच्याकडे लागले ती लग्नपत्रिकांच्या छपाईतून. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे कॉम्प्युटर मी चुका करत शिकले, आणि पुढे लोकांना कुठला फोन घ्यावा हे सांगण्याइतकी शहाणी झाले.

आमच्या वाचकांत न दिसणारे पुष्कळ होते. म्हणून आमचा एक शिरस्ता होता. प्रत्येक फोटोमागे त्याचं शब्दांत वर्णन ठेवायचं. दिसणाऱ्याला ते पानावर कुठंच दिसत नाही. फोनला पान मोठ्यानं वाचायला सांगितलं तरच ऐकू येतं. फोटो मी बघायचा, सरांना सांगायचा, आणि सरांनी तो लिहायचा.

मात्र तेव्हाचे फोन मराठी वाचायचे म्हणजे छळच होता. सगळं हिंदीच्या हेलात, आणि 'ळ' आला की त्याचा 'ल' करून टाकायचे. डोळ्याचा डोला, बाळाचा बाल. आमचे वाचक वर्षानुवर्षं आपली भाषा अशी बोबडी ऐकत होते. आता निघणारा नवा फोन मराठी मराठीसारखी वाचणार होता, आणि कंपनीनं ते गुपित ठेवलं होतं, कारण दिवाळीआधी त्यांना जुन्या फोनांचा साठा संपवायचा होता. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. माझ्यापाशी वकील नाही, त्यांच्यापाशी मजलाभर आहेत.

फोटो पाठवला होता प्रणिता घुलेनं. खाली तिनं एकच ओळ लिहिली होती : 'दादा, हा ळ म्हणतो.'

प्रणिता हिंजवडीला त्या कंपनीच्या ऑफिसात कंत्राटावर होती, बाजारात येण्याआधीचे फोन तपासायच्या कामाला. सरांशी तिचं नातं जुनं. न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. विद्यार्थ्यानं उत्तर सांगायचं, लेखनिकानं ते जसंच्या तसं लिहायचं. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. सरांनी नोकरी सांभाळत उशिरा बी.ए. केलं तेव्हा नववीतली प्रणिता भोसरीहून सायकलवर येऊन त्यांचे पेपर लिहायची. निकालाच्या दिवशी सरांनी पेढे आधी तिच्या घरी नेले होते.

"तिची नोकरी जाईल," मी म्हटलं.

"तिलाच विचारू."

सरांनी फोन लावला. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"छापायलाच पाठवलाय, दादा," प्रणिता म्हणाली. "तुमचे लातूरचे ते वाचक भालेकाका जुना फोन घेतोय म्हणून सांगत होते ना? आणखी थोडे दिवस थांबले तर त्यांना हा मिळेल. फक्त माझा हात दिसायला नको. घरात माझ्याच पगारावर चाललंय सध्या."

"बेंद्रेबाई कापतील तो."

"त्यांना म्हणावं, हात कापा, नाक ठेवा."

मी फोटो कापला. हात, कडं, डबा, टेबल, सगळं गेलं. उरला नुसता पडदा आणि त्यावरची ती एक ओळ. मोठा करून, उलटा करून बघितला. प्रणिताच्या आईलाही ओळखता आला नसता. मी फोटो चढवला, सरांनी वर्णन चढवलं, आणि आम्ही चहा सांगितला.

बातमी वाऱ्यासारखी गेली. मोठ्या इंग्रजी वेबसाइटींनीसुद्धा उचलली, अर्थात आमचं नाव न घेता.

मग कंपनी आली. म्हणजे माणूस कोणी आलं नाही, वस्तू जायला लागल्या. आधी 'फोटो काढा' असं इंग्रजी पत्र. सरांनी 'मी मराठीत वाचतो' असं उत्तर पाठवलं. मग तपासायला दिलेले त्यांचे फोन कुरिअरवाला येऊन घेऊन गेला, माझ्या हातातला चार्जरसुद्धा. जाहिराती एका सकाळी पानावरून नाहीशा झाल्या. नव्या फोनच्या समारंभाचं बोलावणं 'जागेअभावी' रद्द झालं. आमचे व्हिडिओ तक्रारी करून एकेक उतरवले गेले, त्यात गॅसचं बुकिंग मोबाईलवरून कसं करायचं हाही होता. आणि ज्या कंपन्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता त्यांनीही आमचे फोन उचलणं बंद केलं. वाड्यावरच्या पाटलाशी कोणाचं बिनसलं की अख्खी आळी त्या माणसाकडे विस्तव मागायची थांबते, तसं.

"पाटलाला विस्तव लागतच नाही, ही खरी गोम आहे," सर म्हणाले. पण त्यांचं जेवण कमी झालं होतं.

अशात रेवती सरनोबत आल्या. कंपनीच्या प्रसिद्धी विभागाच्या प्रमुख. मला वाटलं होतं कोणीतरी उंच टाचांची, इंग्रजी झाडणारी बाई येईल. ही सुती साडीतली, कोल्हापूरची, येताना खालच्या दुकानदारालाही नमस्कार करून आलेली.

"मी भांडायला आले नाही, हिर्लेकर सर," त्या म्हणाल्या. "मला तुमचं लिखाण आवडतं."

"मग जाहिराती का काढल्या?"

"ते माझ्या हातात नसतं."

"तुमच्या हातात काय असतं?"

"परत आणणं."

सर हसले. त्यांना हजरजबाबी माणूस आवडायचा, तोच त्यांचा घात होता.

"आमच्यातल्या कोणीतरी करार मोडलाय," सरनोबतबाई म्हणाल्या. "एक नाव सांगा, विषय संपला. आम्ही त्या व्यक्तीला त्रास देणार नाही. फक्त बोलावून..."

"बोलावून काय, ओटी भरणार?"

"सर, फोटो तुम्हीच छापलात ना?"

"छापला. पाहिला नाही. हे मी कोर्टात शपथेवर सांगू शकतो."

बाईही मनापासून हसल्या. चहा आला. त्यांनी कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि पर्समधून फोन काढला. काळा, गोल कडांचा.

"नाव राहू द्या. ज्याच्यासाठी एवढं झालं ते ऐका तरी. बाजारात यायच्या आधी बाहेरच्या कोणाला दाखवत नाही आम्ही."

सरांनी दोन्ही तळहात शर्टाला पुसले. देवळात प्रसाद घेताना पुढे करतात तसे पुढे केले. बाईंनी फोन त्यांच्या हातात दिला.

"काय वाचायला सांगू याला?"

काहीही सांगता आलं असतं. पेपरातली बातमी, हवामान, रेल्वेचं वेळापत्रक.

"आमचं पान," सर म्हणाले.

"कुठलं?"

"आता कुठलं काय विचारता. तेच."

बाई वाकल्या, पान उघडलं, बटण दाबलं.

आणि फोन बोलायला लागला. मला दिसतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. शाळेत धडा वाचून दाखवणाऱ्या एखाद्या मायाळू बाईंसारखा आवाज. आधी मथळा, मग तारीख. मग थोडं थांबून : "चित्र. बाईचा डावा हात. अंगठ्याजवळ भाजल्याची काळपट खूण. मनगटावर तांब्याचं कडं..."

सरांनी चेहरा वर केला होता. ओठ फोनबरोबर हलत होते. जवळ. काळपट. काळा. इतक्या वर्षांनी एक यंत्र त्यांच्याशी त्यांच्या आईच्या भाषेत बोलत होतं, आणि ते नुसते 'ळ' वेचत होते. बाकीचे शब्द माझ्या कानावर पडत होते. मी जे पानावरून कापून काढलं होतं ते सगळं परत येऊन खोलीत बसलं होतं. सांगितलं होतं मी, लिहिलं होतं त्यांनी, आणि फोटो कापल्यावर शब्दही कापायचे असतात हे दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कंपनीच्या वकिलांनी तो फोटो भिंगाखाली धरला असेल. पान ऐकलं त्यांच्यातल्या कोणीच नव्हतं.

"सर, चहा गार होतोय," मी म्हटलं.

"थांबा हो, बेंद्रेबाई."

मी फोन बंद करायला हात पुढे केला. सरनोबतबाईंनी माझा हात धरला, अगदी हलकेच.

"ऐकू द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

"...मागे टेबलावर पिवळ्या झाकणाचा डबा," फोन म्हणाला.

"पिवळ्या," सर पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "बाई, हा माणसासारखा वाचतो."

"फार सुंदर वाचतो. मीही आज पहिल्यांदाच इतकं लक्ष देऊन ऐकलं."

त्यांनी फोन परत घेतला, कप खाली ठेवला आणि उठल्या. दारात सर म्हणाले, "नाव मात्र मिळणार नाही हं."

"नको सर. नावाचा आग्रह नाही आता."

त्या जिना उतरल्या. सर अजून त्याच तंद्रीत होते. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"नको म्हणाली? इतक्या लांबून आली आणि नको म्हणाली? का हो?"

मी सांगितलं का ते.

सर खुर्चीचे हात धरून बसले. मग म्हणाले, "काढा ते वर्णन. आत्ता. जुनी प्रत, साठवलेलं पान, जिथं जिथं असेल तिथून मुळासकट काढा. त्यांना पुरावा म्हणून दाखवायला काही राहू देऊ नका."

मी काढलं. इतकी स्वच्छ साफसफाई मी आयुष्यात केली नाही. तिकडे सर प्रणिताला फोन लावत होते. तिच्या ऑफिसात फोन दारातच जमा करून घ्यायचे, त्यामुळे तो नुसता वाजत राहिला. मी रिक्षा करून हिंजवडीला गेले, तर दारावरचा माणूस म्हणाला, घुले मॅडम मघाशीच गेल्या, खोकं घेऊन.

त्यानंतर तिनं आमचा फोन घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात सगळं परत आलं. जाहिराती आपोआप पानावर झळकल्या. उतरवलेले व्हिडिओ चढले, गॅस बुकिंगसकट. कुरिअरवाला नवे फोन घेऊन आला. समारंभाला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या. खोक्यावर सरनोबतबाईंच्या हातचं कार्ड होतं. मी वाचून दाखवलं : 'सहकार्याबद्दल आभार.' तेच शब्द आमच्या नावासकट त्यांनी कंपनीच्या पानावरही टाकले होते, सगळ्यांना दिसतील असे.

"कसलं सहकार्य?" सर म्हणाले. पण त्यांचा आवाज ज्याला कळून चुकलंय त्याचा होता.

प्रणिता आली ती त्या खोक्यांच्या मधोमध. आम्ही खोकी परत पाठवायला बांधत होतो. बघणाऱ्याला मात्र ती नुकतीच आलेली वाटत होती.

"बस गं," मी म्हटलं.

"नको ताई. दादा, मी एकच विचारायला आले. त्यांनी धमकी दिली होती का तुम्हाला?"

तिनं तरी वाट करून दिली होती. सर 'हो' म्हणाले असते तर तिनं माफही केलं असतं.

"धमकी नाही दिली," सर म्हणाले. "आणि मी नाव दिलं नाही, प्रणिता."

"मला बोलावून तिथल्या बाई म्हणाल्या, कोणी सांगितलं ते आम्ही बोलू शकत नाही. पण तुम्हीच विचार करा, म्हणाल्या, कोणाकोणाला माहीत होतं. मी रिक्षात बसून विचार केला. दोघांना माहीत होतं."

सरांनी तिला घडलं ते सांगितलं. पहिल्यापासून, फोन हातात घेतल्याच्या आनंदासकट. मीही मध्ये मध्ये भर घातली. दोघं मिळून सांगायला लागलो की खरी गोष्टही रचलेली वाटते.

"म्हणजे फोननं सांगितलं," प्रणिता म्हणाली.

"हो."

"आमच्याच फोननं."

"हो गं."

"दाखवा ते पान."

सरांनी मान खाली घातली. "काढून टाकलं. त्याच संध्याकाळी. तुझ्यावर येऊ नये म्हणून."

"काढून टाकलं." तिनं मान हलवली, लहान मूल थाप मारतं तेव्हा आपण हलवतो तशी. "जुनी प्रत असेल ना, ताई? तुम्ही तर सगळं जपून ठेवता."

"तीही काढली," मी म्हटलं.

ती खोक्यांकडे बघत राहिली. मग सरांना म्हणाली, "इतिहासाच्या पेपरला तुम्ही अडला होतात, दादा. आठवतं? मला ते उत्तर येत होतं. तुमची टेप ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तुम्ही घामाघूम झालात आणि मी पेन धरून गप्प बसले. लेखनिकानं आपलं काही सांगायचं नसतं, असं तुम्हीच शिकवलं होतं. तेवढे मार्क गेले तुमचे, पण मी बोलले नाही."

"मी तरी कुठं बोललो गं," सर म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. बोलायची तुम्हाला गरजच पडली नाही."

ती गेली. दार तिनं नीट लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सरांनी त्याच दिवशी सगळी हकीकत लिहायला घेतली. ते सांगत होते, मी टाइप करत होते. अंगठ्यापर्यंत आलो आणि ते थांबले.

"बेंद्रेबाई, तिला काढलं ते कशावर?"

"कंत्राट संपलं म्हणून. कागदावर तेवढंच आहे."

"म्हणजे कागदावर ती स्वच्छ आहे. दुसरीकडे नोकरी मिळेल. आणि आपण हे छापलं तर हिंजवडीतली प्रत्येक कंपनी ओळखेल की फोटो देणारी कोण होती."

"हो."

"आणि नाही छापलं तर आपण तिला विकलं."

मी कळफलकावरून हात काढला.

"पुसा," ते म्हणाले.

मग त्यांनी सरनोबतबाईंना फोन केला. इतक्या नम्रपणे बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही एवढंच जाहीर करा की नाव आम्ही दिलं नाही. बाकी काही नको."

"पण सर, तुम्ही दिलंत असं आम्ही कुठं म्हटलंय?" बाई म्हणाल्या. "आम्ही तर फक्त आभार मानले."

समारंभाला आम्ही गेलो नाही. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या आमच्या नावाच्या पाट्यांसकट रिकाम्या राहिल्या, आणि सगळ्यांनी त्या पाट्या वाचल्या. तो फोन खरंच चांगला निघाला. भालेकाकांनी घेतला, आणि आम्हाला फोन करून रडले. हळूहळू लक्षात आलं, की हिंजवडीतून, चाकणमधून, दुकानदारांकडून आतल्या बातम्या कुजबुजणारे फोन थांबलेत. कोणी शिवी दिली नाही की जाब विचारला नाही. नुसते थांबले. जाहिराती आम्ही आधी घेतल्या नाहीत, परत पाठवल्या. मग दिवाळी गेली, भाडं थकलं, आणि घेतल्या. आम्ही विकले गेलो असं लोक आधीच धरून चालले होते, आम्ही फक्त त्यांच्या मागून पोचलो.

एकच फोन आला त्यानंतर. जालन्याहून, मोबाईल दुरुस्त करणारे बशीरभाई म्हणून होते. त्यांच्यापर्यंत आमची कीर्ती पोचली नसावी.

"हिर्लेकरसाहेब, त्या कंपनीच्या एका फोनची बॅटरी फुगतेय," ते म्हणाले. "माझ्याकडेच कितीतरी आलेत. एका पोराच्या खिशात तापला, मांडी भाजलीय त्याची. कंपनीचा माणूस येऊन गेला, बोलाल तर सुटे भाग बंद करू म्हणाला. मी फोटो काढून ठेवलेत. पाठवू?"

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फोटोत तुमचं दुकान दिसतं?"

"थोडंफार दिसतं. तुम्ही ते काढालच की."

"बशीरभाई, नका पाठवू."

"का हो?"

"आमच्याकडे नका देऊ."

"मग कोणाकडे देऊ? मराठीत दुसरं आहे कोण?"

सर नाव आठवत राहिले. खरोखरच आठवत होते, चेहऱ्यावर दिसत होतं. तिकडून "हॅलो, हॅलो, साहेब" झालं, आणि थोड्या वेळानं बशीरभाईंनी फोन ठेवून दिला.

"तुमच्याकडची बातमी आम्हाला कळवा, अशी चौकट आहे ना आपल्या पानावर?" सर म्हणाले. "ती काढा."

मी काढली. पानावर भोक पडल्यासारखी जागा दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी कंपनीची नवी जाहिरात आली, तिचा आकार नेमका तेवढाच होता.